मोठ्यांची भातुकली



लोणच्याला बुरशी का येते, मुलं दूध का पीत नाहीत, सासूबाईंशी जमवून कसं घ्यायचं, अशा पत्रांची मला सवय आहे. पण गेल्या महिन्यात एका भगिनीचं पत्र आलं, ते अगदीच निराळं. त्या लिहितात, “माझी नणंद डेन्मार्कमध्ये ऑर्हुसला असते. तिचा अकरा वर्षांचा मुलगा शनिवार आला की अंगात झगा चढवतो, हातात फोमची तलवार घेतो आणि रानात जातो. संध्याकाळपर्यंत तो तिथं म्हणे कुणी सरदार असतो. तिकडे मोठी माणसंसुद्धा हा खेळ खेळतात. नणंदेला मोठं कौतुक, पण इकडे सासूबाईंनी धसका घेतलाय. सोंगं घेऊन घेऊन मुलगा बिघडणार तर नाही ना? तुम्ही शाळेत शिकवता, म्हणून विचारते.”

प्रश्न साधा नाही. आणि तो फक्त त्या मुलाचाही नाही, असं मला वाटतं. म्हणून आजचा सगळा मजकूर त्यावरच.

आधी हा खेळ काय आहे ते पाहू. आपण लहानपणी भातुकली मांडायचो. मी आई, तू बाबा, ही शेजारीण. संवाद कुणी लिहून दिलेले नसत. ज्याला जे सुचेल ते तो बोले, आणि तास न् तास खेळ रंगे. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे आणि शेजारच्या फिनलंडमध्ये हीच भातुकली मोठ्या माणसांनी सोडली नाही, इतकंच! तिला त्यांनी नियम लावले, मंडळं काढली आणि छंद म्हणून वाढवली. डॅनिश भाषेत तिला ‘रोलेस्पिल’ म्हणतात, म्हणजे भूमिकांचा खेळ.

याचे दोन प्रकार. पहिला टेबलाभोवती बसून खेळायचा. चार-पाच जण, कागद, पेन्सिल आणि फासे एवढंच सामान. एक जण सूत्रधार होतो. तो म्हणतो, “पाऊस कोसळतोय, नदीला पूर आलाय, नावाडी पलीकडे न्यायला तयार नाही. तुम्ही काय करता?” मग जो व्यापारी झालाय तो नावाड्याला पैशाची लालूच दाखवतो, जी वैदू झालीय ती त्याच्या आजारी पोराला औषध द्यायचं कबूल करते. जमलं की नाही, ते फासे सांगतात. पुढची गोष्ट तशी वळते. हिवाळ्यात तिकडे दुपारीच अंधार पडतो. तेव्हा घरात बसून खेळायला याहून सोयीचं काय असणार?

दुसरा प्रकार अंगावर कपडे घालून, प्रत्यक्ष वावरून खेळायचा. स्वीडिश लोक त्याला ‘लाइव’ म्हणतात. हे नाटक नव्हे बरं का! नाटकाला प्रेक्षक असतात, पाठ केलेले संवाद असतात. इथं बघायला कुणीच नसतं. जो आहे तो खेळणारा. रानात एक गाव वसवायचं, कुणी लोहार, कुणी सावकार, कुणी देवळातली बाई, आणि एक-दोन दिवस किंवा चार दिवस त्या माणसासारखंच उठायचं, जेवायचं, भांडायचं. स्वीडन-नॉर्वेत दुसऱ्याच्या मालकीच्या रानातही नासधूस न करता हिंडण्याचा हक्क सगळ्यांना आहे, त्यामुळे जागेची अडचण कमी. कपडे पुष्कळदा स्वतःच शिवतात, लोकरीचे आणि तागाचे. पुरुषसुद्धा सुई-दोरा घेऊन बसतात, हे वाचून मला तर फार बरं वाटलं! मुलांच्या तलवारी फोमच्या, वर रबराचा लेप. डोक्यावर मारायचं नाही, हा पहिला नियम.

मूळ खेळ अमेरिकेतला. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आणला. स्वीडनमध्ये 1982 साली ‘द्राकार ओक देमोनेर’ हा स्वीडिश भाषेतला खेळ निघाला. नावाचा अर्थ ‘ड्रॅगन आणि राक्षस’. तो खेळण्यांच्या दुकानात मिळू लागला आणि घरोघरी पोचला. मुलांना खेळ स्वतःच्या भाषेत मिळाला, ही त्यातली मोठी गोष्ट. डेन्मार्कमध्ये 1986 पासून ‘फास्टावाल’ नावाचं संमेलन ईस्टरच्या सुट्टीत भरतं. त्याची सुरुवात आमच्या पत्रलेखिकेच्या नणंदेच्या गावीच, ऑर्हुसला, झाली. तिथं लोक या खेळांसाठी लहान लहान गोष्टी रचून आणतात, चार-पाच जणांनी एका बैठकीत खेळायच्या. चांगल्या गोष्टींना बक्षीस काय, तर सोनेरी पेंग्विन! या गोष्टींत नुसते राक्षस नसतात. घरातलं आजारपण, तुटलेली मैत्री, भावाभावांतला अबोला, असे विषयही असतात.

स्वीडनमध्ये 1988 साली अशा मंडळांची ‘स्वेरोक’ ही मध्यवर्ती संघटना निघाली. तिकडे तरुणांच्या संघटनांना सरकारी अनुदान मिळतं, तसं हिलाही मिळू लागलं. पण त्यासाठी सभा घ्यायच्या, अध्यक्ष-खजिनदार निवडायचे, हिशेब ठेवायचे. खेळायला आलेली पोरं नकळत कारभार शिकली म्हणायची!

आता सासूबाईंच्या धसक्याकडे वळू. त्यांना हसू नका. स्वीडनमध्येही लोक असेच घाबरले होते. 1990 नंतरच्या दशकात तिथं यावर चांगलाच वाद पेटला. मुलं खेळातलं आणि खरं यांतला फरक विसरतील, हिंसक होतील, असं म्हटलं जाऊ लागलं. 1997 साली तर या खेळांविरुद्ध एक आख्खं पुस्तक निघालं. त्याच्या नावाचा अर्थच ‘टाकून दिलेल्यांची फौज’ असा होता. आईबापांच्या पोटात गोळा येणार नाही तर काय होईल? पण या छंदावर बंदी आली नाही. मंडळं चालू राहिली, वाढली, आणि त्या वेळची पोरं आज स्वतःच आईबाप झाली आहेत.

मला विशेष वाटलं ते पुढचं. ‘आमच्या खेळात वाईट काहीच नाही’ असं म्हणून खेळणारे गप्प बसले नाहीत. दुसऱ्याचा राग, दुसऱ्याचं दुःख दोन दिवस अंगात घेतलं, तर त्यातलं थोडं आपल्याला चिकटतं, हे त्यांनी उघडपणे मान्य केलं. कपड्याचा रंग जसा धुताना दुसऱ्या कपड्याला लागतो, तसंच. खेळात ज्याने अपमान केला त्याच्याशी चहा पिताना मन जरा अडखळतं. उलट घरचं दुखणं घेऊन आलेली बाई खेळात एकदम रडू लागते. यावर काय करायचं, याचा त्यांनी बसून विचार केला. 1997 सालीच ऑस्लोला ‘क्नुटेपुंक्ट’ नावाचं संमेलन सुरू झालं. नावाचा अर्थ गाठ, अनेक वाटा मिळतात ती जागा. तेव्हापासून ते नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड या चार देशांत फिरतं, आणि खेळ कसा रचावा, माणसं कशी जपावीत, यावर तिथं चर्चा होते.

त्यांच्या पद्धती साध्या आहेत. खेळाच्या आधी एकत्र बसून ओळखी करून घ्यायच्या आणि काय चालेल, काय चालणार नाही ते ठरवायचं. दोन शब्द सगळ्यांना माहीत हवेत. एक ‘कट’. तो कुणीही उच्चारला की खेळ तिथल्या तिथं थांबतो. का, कशाला, असं कुणी विचारायचं नाही. दुसरा ‘ब्रेक’, म्हणजे जरा दमानं घ्या, एवढं जोरात नको. आणि उठून जायची मोकळीक कुणालाही, कधीही. आपल्याकडे पोरं पकडापकडी खेळताना ‘टॅम्प्लीज’ म्हणतात ना, तेच हे! दम लागला की ‘टॅम्प्लीज’, चप्पल तुटली की ‘टॅम्प्लीज’, आणि राज्य घेणाराही ते मानतो.

खेळ संपला की लगेच घरी पळायचं नाही. वेष उतरवायचा, गोल करून बसायचं, आणि ज्याने त्याने बोलायचं. मला काय वाटलं, कशाचा त्रास झाला, त्या माणसातलं काय बरोबर न्यावंसं वाटतं आणि काय इथंच टाकून जावंसं वाटतं. खेळातल्या दुश्मनाला मुद्दाम जाऊन भेटायचं.

एवढी काळजी कशाला, असं वाटेल. तर त्यांचे काही खेळ किती अवघड असतात ते ऐका. 2001 साली नॉर्वेत ‘युरोपा’ नावाचा खेळ झाला. त्यात कल्पना अशी, की युद्धानं उद्ध्वस्त झाले ते या उत्तरेकडच्या देशांतलेच लोक, आणि ते निर्वासित होऊन बाल्कनमधल्या एका काल्पनिक देशाच्या छावणीत आसरा मागताहेत. एरवी ज्यांच्या दारात निर्वासित येतात, त्यांनी काही दिवस स्वतः रांगेत उभं राहायचं आणि कारकुनाच्या तोंडाकडे बघत बसायचं.

दुसरा खेळ 2010 चा, तोही नॉर्वेतलाच, ‘मॅड अबाउट द बॉय’. तो रचणाऱ्यांत दोन बायका होत्या, मार्ग्रेटे राउम आणि त्रिने लिसे लिंडाल, आणि तिसरे टोर केटिल एडलांड. त्यात जगातले सगळे पुरुष एका आजारानं मेलेत, मागे फक्त बायका. मूल कुणाला होऊ द्यायचं ते एक समिती ठरवणार, आणि तिच्यापुढे बायका आपापली बाजू मांडायला आल्यात. बाईपण म्हणजे काय, आईपण कुणाचं, घर म्हणजे नक्की कोण, हे सगळं त्या खेळात बोललं जातं. व्याख्यानातून नव्हे, ‘मी अमुक आहे’ असं म्हणून.

इथं माझं मन जरा रेंगाळलं, खरं सांगते. आपणही दिवसभर भूमिकाच करत असतो की. सकाळी आई, मग सून, मग वहिनी, शाळेत बाई, संध्याकाळी पुन्हा सून. चांगल्या मनानं करतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण या भूमिकांना मध्ये ‘ब्रेक’ म्हणायची सोय नाही. रात्री गोल करून बसून ‘आज तुला कशाचा त्रास झाला गं?’ असं विचारणारंही कुणी नसतं. खेळासाठी एवढी व्यवस्था करणाऱ्या माणसांकडून निदान हे एक उचलायला काय हरकत आहे? घरात एक शब्द ठरवावा. तो कुणीही म्हटला, आपण, मुलानं, अगदी सासूबाईंनीसुद्धा, तर वाद तिथं थांबवायचा आणि चहानंतर बोलायचं. शब्द सगळ्यांचा असला म्हणजे कुणाचा मानही जात नाही.

आणि शिकण्याचं म्हणाल, तर डेन्मार्कमध्ये होब्रो गावी 2006 साली ‘ओस्टरस्को’ नावाची निवासी शाळा निघाली. तिथं चौदा वर्षांपुढची मुलं गणित, इतिहास, भाषा हे सगळं भूमिकांच्या खेळातून शिकतात. हे वाचून मी आमच्या सातवीच्या वर्गात एक तास करून पाहिला. गावात पाणी एकाच विहिरीला, आणि सभा भरलीय. चिठ्ठ्या टाकून भूमिका वाटल्या. सरपंचाची चिठ्ठी नेमकी मागच्या बाकावरच्या एका मुलीला निघाली. वर्षभरात हजेरीशिवाय मी तिचा आवाज ऐकला नव्हता. ती उभी राहिली आणि म्हणाली, “आधी ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत ते बोलतील. बाकीच्यांनी हात वर करायचा.” वर्ग गप्प! तास संपल्यावर ती पुन्हा तशीच खाली मान घालून बसली. पण तिच्यात काय आहे ते आता मला ठाऊक आहे, आणि तिलाही.

घरी करून पाहायचं असेल, तर सुट्टीतल्या एखाद्या दुपारी असं करा:

• तीन ते पाच जण पुरेत. आजी-आजोबांना जरूर घ्या. गोष्टी त्यांच्याकडेच जास्त.

• पहिल्या दिवशी सूत्रधार तुम्ही व्हा. जागा ओळखीची निवडा: घाटात बंद पडलेली एसटी, जत्रेत हरवलेलं मूल.

• प्रत्येकानं चिठ्ठीवर तीनच गोष्टी लिहायच्या: मी कोण, मला काय चांगलं येतं, मला कशाची भीती वाटते.

• अवघड प्रसंगी सापशिडीतला फासा टाका. चार, पाच, सहा पडले तर जमलं. एक, दोन, तीन पडले तर फसलं, पण गोष्ट थांबवायची नाही. फसल्यामुळे काय झालं ते सांगायचं.

• मूल घरातल्याच कुणाची नक्कल करू लागलं तर रागावू नका. नीट ऐका.

• थांबवायचा शब्द आधी ठरवा आणि धाकट्यानं म्हटला तरी पाळा.

• दीड तासात आवरा. मग खाऊ खाता खाता प्रत्येकाला विचारा, काय आवडलं, काय नाही.

आता त्या पत्रलेखिका भगिनींना सांगते. सासूबाईंना म्हणावं, मुलगा बिघडत नाहीये. पण नणंदेला तीन गोष्टी जरूर विचारायला सांगा. रानात बरोबर जबाबदार मोठं माणूस कोण असतं? थांबवायचा शब्द मुलाला पाठ आहे का? आणि खेळ संपल्यावर ही मंडळी एकत्र बसून बोलतात का? तिन्हींची उत्तरं नीट मिळाली तर निर्धास्त राहा. मुलाशी पुढच्या वेळी फोनवर बोलाल, तेव्हा ‘अभ्यास कसा चाललाय’ या प्रश्नाआधी ‘सरदारसाहेब, या शनिवारी काय झालं?’ असं त्याच्या आजीलाच विचारू द्या. बघा किती बोलतो तो!

घाटातल्या एसटीचं पुढं काय झालं, ते मला जरूर कळवा.