आमची वाचनवही कुठे आहे?

दिवाळे हे बेलापूरच्या खाडीकाठचे कोळीगाव. दिवाळीत इथले कोळी होड्या घेऊन बहिरीदेवासाठी समुद्रात जातात. या देवाची कथा आम्ही शेजारी म्हणून ऐकतो. पण ऐकून आम्हाला काय वाटले, ते कधी लिहून ठेवत नाही. पुराणकथा त्यांच्या, आपण काय लिहावे, हा संकोच आडवा येतो.

आमच्या पूर्वसूरींना हा संकोच नव्हता. सतराव्या शतकात हुसेन अंबरखानाने गीतेवर मराठीत टीका लिहिली. टीका म्हणजे तरी काय? स्वतः केलेल्या वाचनाची नोंदच! श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी १६४५ मध्ये 'योगसंग्राम' पूर्ण केला. व्यासपीठावरून ही नावे आम्ही अभिमानाने घेतो. पण 'योगसंग्राम' आमच्यापैकी कितीजणांनी उघडून पाहिला?

'हे तुमचे नाही' म्हणणारे बाहेर आहेत, 'हे आपले नाही' म्हणणारे घरात. दोघांनाही उत्तर एकच. वाचा आणि लिहून ठेवा. काय पटले, कुठे अडलो, कशाचा राग आला, सारे तारखेसह. आमचे वाचन आम्ही नोंदवले नाही, तर हा समाज वाचतच नव्हता, अशी नोंद उद्या दुसरे करतील.