शनिवारचा सामना

हॉकी म्हटले की मराठी वाचकाच्या मनात मैदान आणि ध्यानचंद उभे राहतात. उत्तर अमेरिकेतल्या विद्यापीठ-गावांत मात्र या शब्दाचा अर्थ बर्फावरचा खेळ असा होतो: पायांत स्केट्स, रबराची काळी चकती आणि वीस-वीस मिनिटांची तीन सत्रे. तिथला महाविद्यालयीन हंगाम ऑक्टोबरच्या प्रारंभी सुरू होतो, आणि तो बहुधा सामन्यांच्या जोडीने सुरू होतो. शुक्रवारी संध्याकाळी एक सामना. शनिवारी त्याच बर्फावर, त्याच प्रतिस्पर्ध्याशी दुसरा. या जोडीविषयी साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे लिहिण्याचे कारण एवढेच की पुनर्वाचनाचे जे महत्त्व आपण वर्गात सांगत असतो, ते या खेळाच्या रचनेतच मला दिसते.

जोडीची प्रथा पडली ती व्यावहारिक सोयीतून. खेळाडू विद्यार्थी आहेत, आठवडाभर तासिका असतात आणि दोन विद्यापीठांतले अंतर कधी रात्रभराच्या बसप्रवासाचे असते. एवढे जायचेच तर दोनदा खेळून यावे. पण सोयीतून निपजलेल्या आकारालाही पुढे स्वतःचा अर्थ येतो. शुक्रवारच्या रात्री प्रशिक्षक चित्रफीत पाहतात. कालचा डावपेच आज उघडा पडलेला असतो. हंगामाच्या आरंभी पुष्कळ संघ दोन रात्री दोन वेगळे गोलरक्षक उभे करून पाहतात. आणि एक नियम तर मला विशेष मार्मिक वाटतो. व्यावसायिक हॉकीत मारामारी करणारा खेळाडू सहसा पाच मिनिटे शिक्षेच्या बाकावर बसून परत येतो. महाविद्यालयीन हॉकीत तो सामन्यातून बाद होतोच, शिवाय पुढच्या सामन्यालाही मुकतो. म्हणजे शुक्रवारी ज्याचा तोल गेला, त्याचा शनिवारही गेला.

इथे कुणाला कसोटी क्रिकेटमधला दुसरा डाव आठवेल. पण तिथे पहिल्या डावातल्या धावा सोबत येतात. इथे शनिवारी फलक पुन्हा शून्यावर असतो. मागे उरते ती केवळ जाणीव. शुक्रवारी हरलेल्या संघाला शनिवारी गुणांची भरपाई करायची नसते, त्याला फक्त कालच्यापेक्षा अधिक समजलेले असते.

हे सारे आज लिहिण्याचे निमित्त २०२५च्या ऑक्टोबरमधले. कॅनडातल्या प्रमुख ज्युनिअर लीगमध्ये खेळलेल्या मुलांना अमेरिकन महाविद्यालयीन हॉकीची दारे अनेक दशके बंद होती, कारण त्या लीग 'व्यावसायिक' मानल्या जात. नोव्हेंबर २०२४मध्ये हा नियम बदलण्याचे ठरले आणि १ ऑगस्ट २०२५पासून तो बदलला. तीन-चार ऑक्टोबरला पेन स्टेटचा संघ ॲरिझोना स्टेटकडे टेम्पीला खेळायला गेला, तेव्हा सगळ्यांचे डोळे गॅव्हिन मकेना या सतरा वर्षांच्या, कॅनडातून आलेल्या मुलावर होते. दोन्ही विद्यापीठांचे संघ सर्वोच्च विभागात आले ते याच शतकात, पेन स्टेट २०१२मध्ये आणि ॲरिझोना स्टेट २०१५मध्ये. ज्या सुमारे पाच हजार आसनांच्या बर्फगृहात ते खेळले, तिथेच २०२२ ते २०२४ या दोन हंगामांत ॲरिझोना कायोटीज हा व्यावसायिक संघ भाडेकरू म्हणून खेळला होता. व्यवसाय आणि विद्यालय यांतली भिंत किती पातळ झाली आहे, हे सांगायला वेगळ्या रूपकाची गरज उरत नाही.

या बदलाबद्दल गळा काढणाऱ्यांत मी नाही. जुन्या हौशीपणाच्या आदर्शात ढोंग पुष्कळ होते. प्रेक्षागृहे भरायची मुलांच्या खेळावर, आणि त्या मुलांनी आपल्या नावावर चार पैसे मिळवणे २०२१पर्यंत निषिद्ध होते. सोळाव्या वर्षी ज्युनिअर संघाचा तुटपुंजा भत्ता घेतला म्हणून एखाद्याचा महाविद्यालयीन खेळच संपावा, यात नीती कुठली? अन्याय दूर झाला, ते योग्यच झाले.

माझी चिंता पैशाची नाही, काळाची आहे. २०२४पासून अभ्यासाची अट पाळणारा खेळाडू दरवर्षीही विद्यापीठ बदलू शकतो. अव्वल खेळाडूसाठी तर महाविद्यालय हा अनेकदा एका वर्षाचा मुक्काम असतो. अशा हंगामात पहिल्या शुक्रवारालाच निकालपत्राचे रूप येते: मुलगा चमकला की नाही, किंमत वाढली की घटली. पण चुकायचे, रात्री ती चूक पाहायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसांसमोर पुन्हा उभे राहायचे, हा शनिवारचा धडा निकालपत्रात मावत नाही. महाविद्यालयीन खेळात 'महाविद्यालयीन' असे काही उरले असेल, तर ते मला या धड्यात दिसते. वेतन देऊनही तो टिकवता येईल. घाईत मात्र तो टिकणार नाही.

आणि हे म्हणताना आपल्या वर्गांकडे पाहून थोडा संकोचही वाटतो. सत्रपद्धतीत आपण एक कादंबरी मोजक्या तासिकांत 'संपवतो', प्रश्नपत्रिका काढतो आणि पुढच्या पुस्तकाकडे वळतो. विद्यार्थ्याचे पहिले वाचन फसले, तर ते का फसले हे त्याच्यासोबत पाहून तेच पान पुन्हा उघडायला आपल्या वेळापत्रकात किती जागा असते? अमेरिकेतल्या त्या मुलांना निदान शनिवार तरी मिळतो.