खिडकीसमोरचा माड

माड पाहायला जितका सोपा, तितकाच छायाचित्रात धरायला अवघड. वड, आंबा, चिंच ही झाडे चौकटीत आपोआप भरून येतात. माडाचे तसे नाही. उंची साठ-सत्तर फूट, खोड जेमतेम कवेत मावेल एवढे, आणि सारे वैभव शेंड्याला. दूर उभे राहिल्यास शेंडा चिमूटभर दिसतो. जवळ जाऊन मोबाइल वर रोखल्यास खोड मागे कलंडल्यासारखे आणि वरवर निमुळते होत गेलेले दिसते. ताड, पोफळ, शिंदी, उद्यानांतील रॉयल पाम या माडाच्या भाऊबंदांबाबतही थोड्याफार फरकाने हीच अडचण येते.

हौशी मंडळी यावर एक उपाय करतात. बुंध्याशी उभे राहायचे, मान मागे टाकायची आणि आकाशात पसरलेल्या झावळ्यांचे चक्र खालून टिपायचे. चित्र देखणे येते, यात शंका नाही. तरुणांनी ते खुशाल काढावे. सत्तरीच्या घरातील वाचकांनी मात्र त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मान मागे टाकून वर पाहताना अनेक ज्येष्ठांना भोवळ येते. अंतर्कर्णातील सूक्ष्म स्फटिक जागचे हलल्यामुळे येणारी चक्कर नेमकी अशा हालचालीनेच उसळते. मानेच्या मणक्यांची झीज असल्यास दुखणे वाढते ते निराळेच. त्यातच डोळे पडद्यावर आणि पावले नकळत मागे सरकणारी. मागे एखादा दगड, पाण्याची नळी किंवा वाफ्याची कड असली, की खुब्याच्या हाडावर बेतते. शिवाय माडाखाली उभे राहणे हेच मुळात धोक्याचे. नारळ किंवा सुकलेली झावळी पूर्वसूचना देऊन पडत नाही. रॉयल पामची जुनी पाने तर आपसूक गळतात आणि त्यांतील एकेक चांगलेच वजनदार असते.

म्हणून हा नाद सोडून द्यावा काय? मुळीच नाही. मान न उचलता माड टिपण्याच्या वाटा आहेत आणि त्यांतून मिळणारी चित्रे पुष्कळदा अधिक बोलकी असतात.

पाऊस उघडल्यावर अंगणातील साचलेल्या पाण्यात, भातखाचरात किंवा उद्यानातील तळ्यात माडाचे संपूर्ण प्रतिबिंब पडते. आपण खाली पाहत असतो आणि साठ फुटांचे झाड पायाशी उतरलेले असते. वारा पडलेला असावा, एवढीच अट. सकाळच्या उन्हात झावळीची सावली भिंतीवर पडते, तीही टिपण्याजोगी. जमिनीवर उकिडवे बसून चित्र काढण्याचा मोह मात्र टाळावा. त्या बैठकीतून झटकन उठताना रक्तदाब एकाएकी उतरून डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. बाकावर बसून काढलेले चित्र पुरेसे चांगले येते. रॉयल पामची दुतर्फा रांग असेल, तर बाकावर बसल्या उंचीवरून ते राखाडी, गुळगुळीत खांब दूरवर एकमेकांजवळ येत गेलेले फारच शोभून दिसतात.

आणखी एक युक्ती. मोबाइलमधील स्वतःचे छायाचित्र काढण्याचा, म्हणजे पुढचा कॅमेरा सुरू करावा आणि मोबाइल कंबरेच्या उंचीवर, पडदा आकाशाकडे करून तळहातावर आडवा धरावा. कॅमेरा वर पाहतो, आपण खाली पडद्याकडे पाहतो आणि शेंड्याचे संपूर्ण चक्र त्यात दिसते. वेळ लावण्याची सोय वापरली, की बटण दाबताना हात हलण्याचाही प्रश्न उरत नाही. हे फळे न लागलेल्या, कोवळ्या झाडाखाली किंवा उद्यानातील ठेंगण्या बॉटल पामजवळ करावे. फळांनी लगडलेल्या माडाखाली कदापि नाही.

परंतु सर्वांत उत्तम जागा कोणती, असे मला विचाराल, तर मी म्हणेन, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरची खिडकी. जिने उतरणे बंद झाले म्हणून ज्यांचे जग घरापुरते आक्रसले आहे, त्यांनाच ही जागा सहज लाभलेली असते. शहरांतील इमारतींच्या आवारात माड पुष्कळ असतात आणि पंचवीस-तीस वर्षांच्या माडाचा शेंडा बरोबर या मजल्यांच्या नजरेच्या रेषेत येतो. बुंध्याशी उभा असलेला धडधाकट माणूस जे पाहू शकत नाही, ते खुर्चीत बसलेल्या आजोबांना समोर दिसते.

याच संदर्भात एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे सासरे कोकणातील नारळ-पोफळीची वाडी मागे ठेवून, सासूबाईंच्या निधनानंतर, मुलाकडे शहरात राहावयास आले. दिवसाचा बराच वेळ ते खिडकीशी असतात आणि समोरच्या बंगल्यातील एकाच माडाची छायाचित्रे काढतात. मोबाइलमध्ये तीच ती शेकडो चित्रे साठली आहेत. ‘हे विस्मरणाच्या आजाराचे लक्षण तर नव्हे?’ असे त्या काळजीने विचारतात.

ताई, केवळ यावरून तसा निष्कर्ष काढता येत नाही. औषधाची गोळी घेतल्याचे विसरून पुन्हा घेणे, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, पैशांचे नेहमीचे व्यवहार न जमणे, त्याच दिवशी तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारणे, स्वभावात अचानक पालट होणे, यांपैकी काही आढळत असेल, तर मात्र डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नका. पत्नीवियोगानंतर झोप आणि भूक मंदावली आहे का, हेही पाहा. वार्धक्यातील खिन्नता अनेकदा विस्मरणाचा वेष घेऊन येते आणि तिच्यावर उपचार होऊ शकतात. पण त्याआधी एक करा. त्यांच्याशेजारी बसून ती छायाचित्रे त्यांच्याकडूनच समजावून घ्या. ती सारखी आहेत असे तुम्हांला वाटते. त्यांना तसे वाटत नसण्याचा पुष्कळ संभव आहे.

कारण माड रोज सारखा नसतो. पूर्ण वाढलेल्या निरोगी माडाला साधारण महिन्याला एक नवी झावळी येते आणि प्रत्येक झावळीच्या बेचक्यात एक पोय. पोय फुटून फुलोरा बाहेर आल्यापासून नारळ पक्व होईपर्यंत सुमारे वर्ष जाते. म्हणजे एकाच शेंड्यावर संपूर्ण वर्ष एकाच वेळी नांदत असते. वर मिटलेली पोय, तिच्याखाली नुकता उलगडलेला पिवळसर फुलोरा, मग बोराएवढी बोंडे, त्याखाली शहाळी आणि तळाशी तपकिरी पडू लागलेले नारळ. गळालेली प्रत्येक झावळी खोडावर एक वण ठेवून जाते. वाडीत आयुष्य काढलेल्या माणसाची नजर हे सारे सवयीने टिपते. समोरच्या माडाला या महिन्यात पोय आली नाही किंवा मधल्या कोवळ्या झावळीला भुंग्याने कातरले आहे, हे त्यांना कदाचित मालकाआधी कळलेले असेल. छायाचित्रांवरील तारखा पाहून क्रम लावा. त्या शेकडो चित्रांतून त्या झाडाची रोजनिशी हाती लागण्याचा संभव आहे.

खिडकीतून चित्र काढताना जाळी शक्य तेवढी बाजूला सारावी. काच असल्यास मोबाइल तिला टेकवून धरावा, म्हणजे खोलीतील दिव्याचे प्रतिबिंब येत नाही आणि हाताला आधारही मिळतो. कंप असणाऱ्यांनी दोन्ही कोपरे खुर्चीच्या हातांवर टेकावीत. दोरी लावून मोबाइल गळ्यात अडकवावा. खिडकीबाहेर वाकणे किंवा स्टुलावर चढणे सर्वस्वी वर्ज्य. प्रकाश सकाळी आठच्या आत किंवा पाचनंतरचा बरा. भर दुपारी झावळीची पाती आरशासारखी चकाकतात आणि चित्रात पांढरे डाग उमटतात. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांनाही ती चमक सोसत नाही. ढगाळ दिवशी हिरवा रंग अतिशय खुलतो. आपल्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रात मावळतो, त्यामुळे संध्याकाळी माड काळ्या आकृतीसारखे उभे दिसतात. पडद्यावर बोटाने आकाशाला स्पर्श केल्यास ही आकृती अधिक गडद होते. एवढे तांत्रिक ज्ञान पुरे.

ज्यांना बाहेर पडता येते, त्यांच्यासाठी माडाची भावंडे आहेत. ताडाच्या पंख्यासारख्या पानाआडून ऊन येत असताना त्याची एकेक शीर दिसते. देशावरील ओढ्याकाठच्या शिंदीवर पावसाळ्यात सुगरणीचे खोपे लोंबतात. ते दुरूनच टिपावेत. गोव्यातील कुळागरांत पोफळीची सडपातळ, वलयांकित खोडे रांगेने उभी असतात. परंतु तेथे ओल, शेवाळ आणि अंधुक उजेड यांची गाठ पडते, तेव्हा काठी आणि सोबत दोन्ही हवीत. आणि भेरली माड. त्याचे फुलोरे मोकळ्या सोडलेल्या केसांसारखे लोंबतात. पहिला शेंड्याजवळ येतो, पुढचे एकाखाली एक, आणि सर्वांत खालचा फळून झाला की झाड मरते. ज्येष्ठांपुढे ही गोष्ट काढू नये असे काही काळजीवाहकांना वाटते. मला तसे वाटत नाही. ते झाड कित्येक वर्षे फुलत खाली येत असते आणि पाहणाऱ्याला ते ठाऊक असलेले बरे.

सोबत करणाऱ्यांना दोन शब्द. फिरावयास नेल्यावर त्यांच्यासमोर उभे राहू नका. किंचित मागे आणि एका बाजूला राहा, कारण तोल जातो तो मागे. चित्र तिरके आले म्हणून मोबाइल हातातून घेऊन स्वतः काढून देऊ नका. ‘सांगा पाहू, हे कोणते झाड?’ अशी परीक्षाही घेऊ नका. विस्मरण असलेल्यांना ती फार बोचते. त्याऐवजी ‘तुमच्या वाडीत नारळ कोण उतरवत असे?’ असे विचारावे, आणि उत्तराला वेळ द्यावा. महिन्यातून चार-पाच चित्रे कागदावर छापून घ्यावीत आणि मागे तारीख त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यावी.

पत्र पाठवणाऱ्या भगिनींना एवढेच सुचवतो, की समोरच्या बंगल्यात नारळ उतरवणारा कधी येणार आहे, याची आधी चौकशी करून ठेवा. त्या दिवशी मोबाइलची बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या, आणि सासऱ्यांची खुर्ची सकाळी लवकरच खिडकीशी मांडा.