'बॉलिवूड'चे मूळ टॉलीगंजात

'बॉलिवूड' हे नावच नकलेची कबुली आहे, असे आपल्याकडे ठासून सांगितले जाते. हॉलिवूडचा 'ह' पुसून बॉम्बेचा 'ब' बसवला, म्हणजे हिंदी सिनेमाने आपले दुय्यमपण आपल्याच तोंडाने मान्य केले, असा हा युक्तिवाद. मला तो साफ अमान्य आहे. शब्दाच्या वंशावळीतली मधली एक पिढी गाळल्यावरच असा निष्कर्ष काढता येतो.

ती पिढी कलकत्त्याची. विल्फर्ड डेमिंग हे अमेरिकन ध्वनितंत्रज्ञ बोलपटांच्या आरंभकाळात भारतात आले होते. १९३२ साली 'अमेरिकन सिनेमॅटोग्राफर' मासिकात त्यांनी इथले अनुभव लिहिले, आणि त्यात 'टॉलीवूड' या नावाचा उलगडाही केला. त्यांचा स्टुडिओ कलकत्त्याच्या टॉलीगंज उपनगरात होता. टॉली हे माणसाचे नाव. अठराव्या शतकात आदिगंगेचा गाळाने भरलेला प्रवाह खणून कालवा काढणारे विल्यम टॉली. गंज म्हणजे पेठ, वस्ती. 'हॉलीगंज' म्हणावे की 'टॉलीवूड', याचा विचार करून दुसरे नाव पक्के झाले. वस्तीत दोन स्टुडिओ उभे होते, आणखी काही होऊ घातले होते, म्हणून ते शोभेल असे त्यांना वाटले.

'हॉलीगंज'चाही विचार झाला होता, ही गोष्ट मला निर्णायक वाटते. दोन गावांची नावे योगायोगाने जुळली आणि स्टुडिओवाल्यांनी त्यांची अदलाबदल करून पाहिली. चित्रपट कसे काढावेत याविषयी त्यात अवाक्षर नाही. आहे ते ठिकाणाचे वर्णन.

'बॉलिवूड' याच साच्यातून पुढे निघाले. एच. आर. एफ. कीटिंग यांच्या १९७६च्या इन्स्पेक्टर घोटे कादंबरीत ते आढळते. शब्द आपणच घडवला, असे सांगणारे एकाहून अधिक जण आहेत. तो वाद इथे गौण आहे.

कोणी म्हणेल, 'टॉलीवूड' तरी हॉलिवूडवरूनच आले ना? आले. पण यमकावरून सिनेमाची कुळी ठरत नाही. ज्या चित्रपटाने दादासाहेब फाळक्यांना झपाटले तो ख्रिस्तचरित्राचा होता. कॅमेरा त्यांनी १९१२ साली लंडनहून आणला. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. हॉलिवूडमध्ये तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो 'द स्क्वॉ मॅन' पडद्यावर यायला फेब्रुवारी १९१४ उजाडला. जो चित्रपट अजून जन्मायचा होता, त्याची नक्कल फाळके कुठून करणार?

तरीही मी 'बॉलिवूड' लिहीत नाही. 'टॉलीवूड'मागे खरीखुरी पेठ होती. मुंबईत तशी एक वस्ती कोणती दाखवाल? दादर, अंधेरी, चेंबूर, गोरेगाव असा कारभार पसरलेला, आणि हिंदी सिनेमा मुंबईतही मावत नाही. डेमिंग टॉलीगंजाविषयी लिहीत होते त्याच १९३२ साली व्ही. शांताराम यांनी प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत पडद्यावर आणला. तो तयार झाला होता कोल्हापुरात. 'हिंदी चित्रपटसृष्टी' म्हटले की कोल्हापूर त्यात येते. 'बॉलिवूड' म्हटले की ते बाहेर राहते.