प्रशासक सोयीचा वाटणाऱ्या कारखानदार-व्यापाऱ्यांना जाहीर आवाहन

लोकशाहीवर घाला येतो तेव्हा उद्योजक आणि व्यापारी काय करतात, याचा शंभर वर्षांचा हिशेब उपलब्ध आहे. काही जण सत्तेला पैसा पुरवतात, बरेचसे गप्प बसतात, मोजके विरोधात उभे राहतात. बाजारपेठेच्या बोलीत पहिल्या दोघांना व्यवहारी म्हणतात आणि तिसऱ्याला राजकारणी. इगतपुरी तालुक्यात गेली काही वर्षे सगळी गर्दी मधल्या रांगेत आहे. हे आवाहन त्या रांगेसाठी आहे.

नाशिक जिल्हा परिषद आणि तिच्या पंचायत समित्या, त्यात इगतपुरीचीही, यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. ७३ व्या घटनादुरुस्तीने या संस्थांची मुदत पाच वर्षांची ठरवली आणि ती संपण्याआधी पुढची निवडणूक पुरी झाली पाहिजे, असे बजावले. प्रत्यक्षात आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात गेला आणि तारखांवर तारखा पडत गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घेण्यास सांगितले. तेही जमले नाही, मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून घ्यावी लागली. इगतपुरी नगरपरिषदेचे मतदान २ डिसेंबर २०२५ रोजी झाले, मतमोजणी २१ डिसेंबरला. जिल्हा परिषदेत मात्र २०२५ साल सरले तरी निवडून आलेला एकही सदस्य बसलेला नव्हता. पावणेचार वर्षे! २०१३ साली स्थानिक संस्था कराविरुद्ध (एलबीटी) राज्यभर शटर खाली ओढणाऱ्या व्यापारी वर्गातून या पावणेचार वर्षांत हूं की चूं ऐकू आले नाही.

सदस्य नसल्याने काय बिघडते, हे दुकानाच्या गल्ल्यावरून दिसत नाही, पाड्यावरून दिसते. दारणा, मुकणे, भावली, भाम, वैतरणा ही धरणे याच तालुक्याच्या पाण्यावर भरतात आणि उन्हाळ्यात याच तालुक्याच्या वाड्यापाड्यांवर बायका हंडे घेऊन पायपीट करतात. टँकर हवा असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव, गटविकास अधिकारी आणि तहसीलदारांची संयुक्त पाहणी, मग वरची मंजुरी, असा कागद फिरतो. तो एखाद्या टेबलावर अडकला की गणातला सदस्य पंचायत समितीत जाऊन ठाण मांडतो, मासिक सभेत आवाज चढवतो, अधिकाऱ्याला उत्तर द्यायला लावतो. सभाच नसेल तर कागद अडकलेलाच राहतो आणि कोणाची मान खाली जात नाही.

असे असूनही बाजारपेठेत एक वाक्य सर्रास ऐकू येते: ‘प्रशासकच बरा, एकाच टेबलावर काम होतं.’ आधी सभापती, मग सदस्य, मग त्याचा भाऊ, सगळ्यांना सांभाळावे लागे, आता एक सही पुरते, असा त्याचा अर्थ. सोय खोटी नाही. पण ज्या एका सहीने काम होते त्याच एका सहीने काम बंदही होते, आणि त्यावर दाद मागायला सभागृह उरलेले नसते. हे कळण्यासाठी इगतपुरीकरांनी लांब जायला नको. येथील धम्मगिरी या विपश्यना केंद्राचे संस्थापक सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशातील मोठे व्यापारी-कारखानदार होते. २ मार्च १९६२ रोजी तेथे जनरल ने विन यांनी सत्ता बळकावली. १९६३ मध्ये बँका गेल्या, १९६४ मध्ये दुकाने गेली, त्याच वर्षी मोठ्या नोटा रद्द झाल्या. गोएंकांचे उद्योग सरकारने ताब्यात घेतले आणि लाखो भारतीय नेसत्या वस्त्रांनिशी परतले. १९६९ मध्ये गोएंका भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीच्या टेकडीवर धम्मगिरी उभी राहू लागली. धंदा गेल्याचे त्यांनी दुःख मानले नाही, ही त्यांची थोरवी. गोंद्याच्या औद्योगिक प्लॉटवर बँकेचे कर्ज असलेल्या प्रत्येकाला ती साधेल असे नाही.

भारतातला धडा आणीबाणीचा आहे. २५ जून १९७५ रोजी ती जाहीर झाली आणि मार्च १९७७ पर्यंत टिकली. बहुतेक उद्योजकांना संप थांबले, गाड्या वेळेवर धावू लागल्या याचेच समाधान वाटले. जे. आर. डी. टाटांसारख्या माणसानेही परदेशी वृत्तपत्राशी बोलताना त्या शिस्तीची पाठराखण केली. के. के. बिर्ला तर उघडच सत्तेच्या बाजूने होते. याच काळात नाशिकरोडच्या कारागृहात राजकीय कैदी डांबलेले होते. इगतपुरीहून गाडीने तासाभराचे अंतर.

वेगळे वागलेली माणसे थोडी होती आणि त्यांनी किंमत मोजली. रामनाथ गोएंकांच्या ‘इंडियन एक्स्प्रेस’ने २८ जून १९७५ रोजी अग्रलेखाची जागा कोरी सोडली. मुकंद कंपनीचे विरेन शाह बडोदा डायनामाइट खटल्यात जॉर्ज फर्नांडिस यांच्याबरोबर आरोपी झाले आणि तुरुंगात गेले. रामकृष्ण बजाज यांनी दिल्लीचे विश्व युवक केंद्र संजय गांधींच्या माणसांच्या हाती देण्यास नकार दिला आणि १९७६ मध्ये बजाज समूहावर आयकराच्या धाडी पडल्या. त्यांचे वडील जमनालाल बजाज यांनी असहकाराच्या काळात इंग्रजांनी दिलेली रायबहादूर पदवी परत केली होती. घराण्याची ही सवय ३० नोव्हेंबर २०१९ रोजी मुंबईत पुन्हा दिसली. गृहमंत्री अमित शाह समोर बसले असताना राहुल बजाज यांनी उद्योजक सरकारवर टीका करायला घाबरतात, असे भर सभागृहात सांगितले. घाबरण्याचे कारण नाही, असे उत्तर मिळाले. सभागृह देशातील बड्या उद्योगपतींनी भरलेले होते. त्या संध्याकाळी उठलेला आवाज एकच होता.

धाक हा एक भाग. दुसरा भाग पैशाचा, आणि तो जास्त जुना आहे. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात बदल मागितला. मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी कायद्याच्या मर्यादेत परवानगी दिली, पण असा पैसा लोकशाहीला पोखरू शकतो, संसदेने लक्ष घालावे, असा इशाराही दिला. पुढे १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, म्हणजे पैसा रोखीत आणि टेबलाखालून वाहू लागला. १९८५ मध्ये बंदी उठली. २०१३ च्या कंपनी कायद्याने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ७.५ टक्के ही मर्यादा घातली, आणि २०१७ मध्ये ती मर्यादाच काढून टाकून निवडणूक रोखे आणले गेले. देणारा गुप्त, रक्कम अमर्याद. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने ही योजना आणि अमर्याद देणग्यांची मुभा घटनाबाह्य ठरवली. यादी बाहेर आली तेव्हा सर्वांत वरचे नाव एका लॉटरी कंपनीचे निघाले, १,३६८ कोटी रुपयांचे. यादीत बजाज ऑटोचेही नाव होते. परखड बोलणाऱ्या घरालाही त्या रांगेत उभे राहावे लागले, एवढी ती व्यवस्था पक्की होती. एक गोष्ट मात्र नोंदवावी लागेल: या योजनेविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांत नागरी संस्था होत्या, एक राजकीय पक्ष होता, उद्योजकांची एकही मोठी संघटना नव्हती.

गावपातळीवर याच पैशाचे रूप अधिक उघडे असते. देवळा तालुक्यातील उमराणे हे कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध गाव. डिसेंबर २०२० मध्ये तेथे सरपंचपदाची बोली लागली, २ कोटी ५ लाखांपर्यंत गेली. पैसे मंदिरासाठी, असा खुलासा झाला. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये उमराण्याची आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळीची निवडणूक रद्द केली. देवाच्या नावाने का होईना, मताची पावती फाडली गेली होती. नाशिक जिल्ह्यातच.

परदेशातही हेच दोन नमुने सापडतात. २० फेब्रुवारी १९३३ रोजी बर्लिनमध्ये गोअरिंगच्या निवासस्थानी दोन डझनांच्या आसपास जर्मन उद्योगपती हिटलरला भेटले आणि नाझींच्या निवडणूक निधीसाठी ३० लाख मार्कांची बोलणी झाली. मे महिन्यात कामगार संघटना मोडल्या गेल्या, मालक खूश झाले. हिटलरला आधीपासून पैसा पुरवणारे पोलादसम्राट फ्रिट्झ थायसन १९३९ मध्ये देश सोडून पळाले, त्यांची मालमत्ता जप्त झाली आणि पुढे ते छळछावणीत पोहोचले. उलट बाजूला दक्षिण आफ्रिकेत सप्टेंबर १९८५ मध्ये अँग्लो अमेरिकन कंपनीचे गॅव्हिन रेली सरकारचा रोष पत्करून झांबियात बंदी असलेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या नेत्यांना भेटले. ट्युनिशियात २०१३ मध्ये मालकांची संघटना आणि कामगारांची संघटना, एरवी एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या, वकील आणि मानवी हक्क संघटनेसह एकत्र आल्या आणि कोसळू पाहणारी लोकशाही सावरली. २०१५ चे शांततेचे नोबेल या चौघांना मिळाले. अमेरिकेत ६ जानेवारी २०२१ च्या हल्ल्यानंतर अनेक कंपन्यांनी निकाल नाकारणाऱ्या लोकप्रतिनिधींच्या देणग्या थांबवल्या, आणि वर्ष-दोन वर्षांत त्यातल्या बऱ्याच गुपचूप पुन्हा सुरू केल्या. निर्धार एकट्या कंपनीचा असला की असा विरघळतो. संघटनेचा असला तर टिकण्याची शक्यता असते.

यावर येणारे आक्षेप ठरावीक आहेत. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, हा पहिला. सहा नंबरच्या शेडमधल्या लघुउद्योजकाने एकट्याने वैर धरावे असे कोणी म्हणतही नाही, संघटना असतात त्या दिवाळी स्नेहमेळाव्यापुरत्या नव्हेत. दुसरा आक्षेप, विकास तर होतोच आहे. होतोच आहे: समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, त्या दिवशी जिल्हा परिषद रिकामी होती. रस्ता सदस्याची जागा घेत नाही. हे आवाहन कोणत्या पक्षाचे, हा तिसरा प्रश्न तर विचारण्याजोगाही नाही. ते काढणाऱ्या नागरिक मंडळात किराणा दुकानदार, निवृत्त रेल्वे कर्मचारी, शिक्षक आणि दोन पिढ्यांचे कामगार आहेत. मंडळाने कोणत्याही पक्षाचा रुपया घेतलेला नाही, कोणाचाही फलक लावलेला नाही. तालुक्यातील किती मंडळांना हे छाती ठोकून सांगता येईल, ते ज्याचे त्याने पाहावे.

करायच्या गोष्टी साध्या आहेत आणि त्या ताबडतोब कराव्यात. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ब नुसार लोकसभा आणि विधानसभेसाठी ती बंधनकारक आहे, रोजंदारीवरच्या माणसालाही लागू आहे. मोडणाऱ्याला दंड ५०० रुपयांपर्यंत, म्हणजे चेष्टाच. पण दंड कमी म्हणून कायदा लहान होत नाही. गोंदे, वाडीवऱ्हे आणि मुंढेगावच्या कारखान्यांनी जिल्हा परिषद-पंचायत समितीच्या मतदानालाही हाच नियम स्वतःहून लावावा, ठेकेदाराच्या कामगारांना त्यातून वगळू नये आणि तशी सूचना आठवडाभर आधी गेटवर मराठीत डकवावी. ‘आधी मत टाकून ये, मग दुसऱ्या पाळीला लाग’ ही सुट्टी नव्हे.

देणगी द्यायचीच असेल तर ती चेकने द्यावी, ताळेबंदात दाखवावी, आणि दोन्हीकडे पाकीट पोचवण्याची पद्धत बंद करावी. चौकाचौकांत लागणाऱ्या वाढदिवसाच्या फलकांखाली ‘शुभेच्छुक’ म्हणून दुकानाचे नाव छापू देऊ नये, त्याचा खर्च तर मुळीच उचलू नये. पारले आणि बजाज यांनी २०२० मध्ये विखार पसरवणाऱ्या वृत्तवाहिन्यांना जाहिराती नाकारल्या, त्यांचा माल विकला जायचा थांबला नाही. गावात पदाची बोली लागली तर त्यात व्यापाऱ्याने पैसा लावू नये आणि बोली लागल्याचे कळताच निवडणूक अधिकाऱ्याला कळवावे.

हॉटेल आणि रिसॉर्ट मालकांसाठी एक वेगळी गोष्ट आहे. महापौर, सभापती, अध्यक्ष यांच्या निवडीआधी सदस्यांना ‘सहली’ला नेण्याची रीत महाराष्ट्राला पाठ आहे. फोन काढून घेतलेले, गेटवर माणसे बसवलेली, मतदानाच्या सकाळी बसमधून थेट सभागृहात. जून २०२२ मध्ये आमदार सुरत आणि गुवाहाटीला गेले तेव्हा सगळ्या राज्याने ते टीव्हीवर पाहिले. मुंबई-नाशिक महामार्गालगत रिसॉर्टांची दाटी झालेल्या या तालुक्याकडे अशी चौकशी आली, तर सगळ्या खोल्या एकाच नावाने, रोखीने आणि पाहुण्यांच्या नोंदीशिवाय मागितल्या जात आहेत का, एवढे तरी पाहावे आणि नकार द्यावा. चार दिवसांच्या धंद्याने रिसॉर्ट तरत नाही.

शेवटचे काम संघटनांचे. तालुक्यातील प्रत्येक व्यापारी आणि औद्योगिक संघटनेने पुढच्या बैठकीत एक ओळीचा ठराव करावा: स्थानिक संस्थांची मुदत संपल्यावर निवडणूक लांबवणे या संघटनेला मान्य नाही. विषयपत्रिकेत तो ‘आयत्या वेळचे विषय’ मध्ये ढकलू नये. ठरावावर अध्यक्षांबरोबर उपस्थितांच्या सह्या असाव्यात, म्हणजे दबाव आला तर तो एकट्यावर येणार नाही. मूळ प्रत राज्य निवडणूक आयोगाकडे, एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि एक इगतपुरीच्या तहसील कार्यालयात द्यावी, आणि तिन्ही ठिकाणी आवक क्रमांक टाकलेली पोच घेतल्याशिवाय परतू नये.