हृदयविकाराचा सरकता नकाशा

पंजाबातील रेल्वे कर्मचारी आणि मद्रासकडचा रेल्वे कर्मचारी यांची नोकरी एकाच सरकारची. सेवेचे नियम, वेतनश्रेणी आणि आजारपणात उघडे असणारे रेल्वे इस्पितळाचे दार, हे सारे जवळपास सारखेच. तरीही १९५८ ते १९६२ या पाच वर्षांतील रेल्वेच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण दक्षिणेत पंजाबच्या तुलनेत सातपट आढळले. मुंबईत पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी असलेल्या डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६७ मध्ये ही पाहणी प्रसिद्ध केली. आहारातील स्निग्ध पदार्थांच्या प्रकाराकडे त्यांनी बोट दाखवले. त्यांच्या कारणमीमांसेबद्दल पुढे वाद झाले. मात्र त्यातून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. मृत्यूची नोंद नीट ठेवली, तर आजाराचा भूगोल दिसू लागतो.

हा भूगोल आता पार बदलला आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राज्यनिहाय अभ्यासात हृदय व रक्तवाहिन्यांच्या रुग्णांचे प्रमाण सर्वाधिक असलेली तीन राज्ये होती केरळ, पंजाब आणि तमिळनाडू. एकेकाळी दोन टोकांना असलेले पंजाब आणि तमिळनाडू एकाच रांगेत येऊन बसले. अर्थात, पहिले आकडे नोकरीतील कर्मचाऱ्यांच्या मृत्यूंचे होते, दुसरे संपूर्ण लोकसंख्येतील रुग्णांचे. शिवाय दक्षिणेतील लोकसंख्येचे सरासरी वय अधिक आहे. तेव्हा दोन्ही आकडे थेट एकमेकांसमोर मांडणे धाडसाचे ठरेल. परंतु दिशा स्पष्ट आहे. याच अभ्यासानुसार देशातील एकूण मृत्यूंमध्ये या विकारांचा वाटा १९९० मध्ये १५.२ टक्के होता, तो २०१६ मध्ये २८.१ टक्क्यांवर गेला.

याहून महत्त्वाचा बदल शहर आणि खेडे यांच्यातील आहे. ‘दहा लाख मृत्यूंचा अभ्यास’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाहणीतून २००० ते २०१५ या काळाचा आलेख २०१८ मध्ये समोर आला. ३० ते ६९ या वयोगटात हृदयविकाराने मरण पावण्याची शक्यता पुरुषांत १०.४ टक्क्यांवरून १३.१ टक्क्यांवर, तर स्त्रियांत ४.८ वरून ६.६ टक्क्यांवर गेल्याचे त्यात दिसले. खेड्यांतील प्रमाण तर शहरांच्याही पुढे गेले. हृदयविकार हा खात्यापित्या शहरी माणसाचा आजार, ही समजूत त्याच वेळी मोडीत निघायला हवी होती.

राज्यकर्त्यांच्या मनातून मात्र ती गेलेली नाही. विमा योजनांचे मेळावे होतात, शस्त्रक्रियांचे आकडे सभागृहात अभिमानाने सांगितले जातात. २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आली, तिचे स्वागत योग्यच होते. परंतु त्याच अभ्यासाने दाखवले की, आजार आधीपासून ठाऊक असूनही दगावलेल्यांपैकी सुमारे निम्मे लोक नियमित औषध घेत नव्हते. स्टेंटची किंमत कमी झाल्याने त्यांचे मरण टळणारे नव्हते. त्यांना गावातच दर महिन्याला मिळणारी गोळी हवी होती.

या संदर्भात चेन्नईचा अनुभव दिल्लीने अभ्यासावा असा आहे. या शहराने दोन कामे केली. पहिले मोजणीचे. १९९५ ते १९९७ या काळात चेन्नईत मरण पावलेल्या ४८ हजार प्रौढांच्या घरी प्रशिक्षित कार्यकर्ते गेले. अखेरच्या आजाराची लक्षणे त्यांनी कुटुंबीयांकडून विचारून घेतली आणि डॉक्टरांनी त्यावरून मृत्यूचे कारण ठरवले. डॉ. वेंदन गजलक्ष्मी आणि ऑक्सफर्डचे सर रिचर्ड पेटो यांच्या या अभ्यासाआधी मध्यमवयीनांच्या एक तृतीयांशाहून अधिक मृत्यूंची कारणे संदिग्ध किंवा अज्ञात होती. घरोघरच्या विचारपूशीनंतर ते प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आले. ‘हृदयक्रिया बंद पडून निधन’ असे लिहिले की दाखला पूर्ण होतो, पण कारण कळत नाही. हृदयक्रिया तर प्रत्येकाचीच बंद पडते!

दुसरे काम वेळेचे. देशातील ८९ केंद्रांमधील वीस हजारांवर रुग्णांची पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीव्र झटका आलेला रुग्ण लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंत साधारणपणे सहा तास जातात, असे तिच्यात आढळले. पहिल्या तीस दिवसांत गरीब रुग्णांपैकी ८.२ टक्के, तर सधनांपैकी ५.५ टक्के दगावले. त्यानंतर चेन्नई व कोइमतूरच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या पुढाकाराने तमिळनाडूत मोठी रुग्णालये आणि भोवतालची लहान रुग्णालये रुग्णवाहिकांनी व तातडीच्या हृदयालेखाने जोडली गेली. २४२० रुग्णांच्या या प्रकल्पाचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. एका वर्षातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले होते. पुढे २०२१ मध्ये राज्य सरकारने रक्तदाब व मधुमेहाची औषधे घरपोच देणारी योजना सुरू केली, ती चेन्नईत नव्हे, तर कृष्णगिरी जिल्ह्यात. नकाशा खेड्याकडे सरकल्याची ही कबुलीच होती.

महाराष्ट्रानेही काही केले नाही असे नव्हे. रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये आखला गेला, तेव्हा पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता आणि सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा हे जिल्हे त्यासाठी निवडले गेले. प्रश्न आहे तो अशा उपक्रमांचे फळ मोजण्याचा. तेथेच दिल्लीची अडचण सुरू होते. मृत्यूची नोंदवही गृहमंत्रालयाच्या अखत्यारीतील महानिबंधकांकडे, औषधोपचाराचे धोरण आरोग्य मंत्रालयाकडे आणि आरोग्यसेवेची प्रत्यक्ष जबाबदारी राज्यांकडे. वही एकाच्या हाती, औषध दुसऱ्याच्या हाती आणि रुग्ण तिसऱ्याच्या दारी, अशी ही विभागणी आहे.

२०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी अवघ्या २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली आणि कारणाचा दाखला विनाशुल्क देणे रुग्णालयांवर बंधनकारक झाले. सुधारणा स्वागतार्ह आहे. पण जो माणूस रुग्णालयापर्यंत पोहोचलाच नाही, त्याच्या मृत्यूचे कारण तिने कळणार नाही. प्रमाणित दाखले प्रामुख्याने रुग्णालयांतून येतात. त्यामुळे त्यांवर आखलेला नकाशा शहरांकडे झुकलेला राहतो आणि निधीही त्याच वाटेने जाण्याचा धोका असतो.

उपाय फार खर्चिक नाही. चेन्नईत झाली तशी घरोघरची विचारपूस प्रत्येक जिल्ह्यात निवडक गावांतून नियमित व्हावी, जिल्हानिहाय आकडे दरवर्षी वेळेवर जाहीर व्हावेत आणि असंसर्गजन्य आजारांचा निधी त्या आकड्यांशी बांधला जावा. राजधानीत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला ही मागणी परकी वाटू नये. त्याच्या स्वतःच्या छातीत कळ आली तर जवळपास मोठे रुग्णालय आहे. गावी राहिलेल्या त्याच्या आईवडिलांना ती सोय नाही. आजार त्यांच्या उंबरठ्यापर्यंत केव्हाच पोहोचला आहे. सरकारची नोंदवही अजून तालुक्याच्या वाटेवरच आहे.