भिंतीवरचा टीव्ही

टीव्ही भिंतीवर चढवताना आधी भिंत ओळखावी. बारामतीच्या नव्या सदनिकेतील पक्की वीट स्क्रू घट्ट धरते; इंदापूरकडील जुन्या वाड्याची माती-दगडाची भिंत धरीलच असे नाही. तेथे भक्कम मेजच बरे. खाली मुले खेळतात. भोक स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली पाडू नये. तेथून वीजवाहिनी जाते. टीव्हीची वीजतार गिलाव्यात पुरू नये. आत ती तापली, तुटली तरी दिसत नाही. जाणकाराकडून टीव्हीमागेच सॉकेट बसवून घ्यावे. सेट-टॉप बॉक्सच्या तारांसाठी निराळी, रुंद नळी टाकावी. पुढे तार बदलताना भिंत फोडावी लागत नाही. तारा झाकाव्यात, धोका झाकू नये.